घोर थांबतो तेव्हा: स्लीप अ‍ॅप्निया ओळखण्यापासून मशीन लावण्यापर्यंत

२०१८ च्या चतुर्थीत आमच्या पडवीत नऊ पुरुष ओळीने झोपले होते. सकाळी चहाच्या वेळी डोंबिवलीच्या चुलतभावाने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "दादा, हे ऐक." आधी माझं घोरणं. सगळे हसले, मीही हसलो. मग घोर तुटला. मोबाइलमधून नुसता पंख्याचा आणि बाहेरच्या बेडकांचा आवाज. हसू ओसरलं तरी पुढचा घोर येईना. मग पाण्यातून डोकं वर काढावं तसा एक आचका, आणि पुन्हा घोर सुरू. भावाने मोजलं होतं, ४४ सेकंद. पाठीमागे काकीचा आवाजही आला होता, "अरे ह्येका हलवा रे, श्वासच घेणा नाय!" मला यातलं काहीएक आठवत नव्हतं.

झोपेत असा पुन्हा पुन्हा श्वास थांबणं म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया. या दुखण्याची गंमत अशी की ज्याला ते असतं त्याला शेवटी कळतं. बायकोला माझ्या घोरण्याची इतकी सवय झाली होती की ती झोपेतच कोपराने ढोसायची आणि कुशीवर वळायची. आवाजाचा त्रास घरच्यांना होतो. आपण काळजी करायची ती आवाज मध्येच बंद पडतो त्याची. माझं कणकवलीकडे हार्डवेअरचं दुकान आहे, मी डॉक्टर नाही. पण गेली काही वर्षं मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लावून झोपतो आणि गावात कोणाला मशीन सांगितलं की तो आधी माझ्याकडे येतो. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी एक पाइपची गोष्ट

विहिरीवर पंप बसवलात तर ठाऊक असेल. डिलिव्हरीला, म्हणजे पाणी बाहेर सोडायला, मऊ, गुंडाळता येणारा पाइप चालतो, सक्शनला, म्हणजे पाणी ओढायला, मात्र कडकच लागतो. मऊ पाइप सक्शनला लावला तर पंप ओढायला लागताच तो चपटा होऊन चिकटतो आणि पाणी येणं बंद. आपला घसा हा सक्शनला लावलेला मऊ पाइप आहे. नाकाच्या मागे आणि स्वरयंत्राच्या वर त्याला हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू त्याला ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात, उताणं झोपल्यावर जीभ मागे जाते, गळ्याभोवती चरबी असेल तर ती बाहेरून दाबते. वाट अरुंद झाली की हवेच्या झोताने टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरते, तो घोर. वाट पूर्ण मिटली की घोरसुद्धा थांबतो. छाती-पोट ओढत राहतं, हवा येत नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो, शेवटी मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, स्नायू आवळतात, आचका देऊन श्वास सुटतो. रात्रभर हेच. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा बंद राहिली की डॉक्टर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात.

मेंदू स्वतःच श्वासाची आज्ञा द्यायला विसरतो असाही एक प्रकार आहे, हृदय कमजोर असलेल्यांत तो दिसतो. त्याचे उपचार वेगळे. इथे मी घसा मिटण्याच्या नेहमीच्या प्रकाराबद्दल बोलतोय.

पायरी पहिली: कोणाकडून तरी ऐकून घ्या

मोबाइल उशापासून हातभर लांब ठेवा, रेकॉर्डिंग लावा आणि झोपा. एका रात्रीवर जाऊ नका. एक रात्र उताणं, एक कुशीवर, आणि दारू घेणारे असाल तर एक रात्र घेऊन, एक न घेता. सकाळी सगळं ऐकत बसायची गरज नाही. बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचा आलेख दिसतो, त्यात उंच पट्टा, मग सपाट, मग एकदम उंच टोक असं दिसलं की तिथे ऐका. पहाटे ३ ते ५ चा भाग जरूर बघा, कारण स्वप्नांच्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात आणि ती झोप पहाटेकडे जास्त असते. घरच्या माणसाला छाती बघायला सांगता आली तर उत्तम: आवाज नाही, पण छाती-पोट उलटसुलट हलतंय, हे डॉक्टरला सांगण्यासारखं आहे.

पायरी दुसरी: दिवसाचा हिशेब मांडा

माझ्याकडे पुरावा बिलबुकातच होता. दुपारी गल्ल्यावर बसून बिल लिहिता लिहिता पेन तसंच खाली घसरायचं. "पीव्हीसी एल्बो ४ नग" असं लिहिलेलं आणि तिथून पानाच्या खालपर्यंत वाकडी रेघ. अशी सतरा-अठरा पानं नंतर सापडली. मी ती उकाड्याच्या नावावर टाकली होती.

डॉक्टर यासाठी एपवर्थ नावाची प्रश्नावली वापरतात. मेलबर्नच्या एका डॉक्टरने १९९१ मध्ये ती आणली. आठ प्रसंग दिलेले असतात: वाचताना, टीव्ही बघताना, सभेत बसलेले असताना, तासभर गाडीत मागे बसून जाताना, दुपारी आडवं झाल्यावर, कोणाशी बोलता बोलता, जेवणानंतर शांत बसल्यावर, आणि गाडी सिग्नलला थांबलेली असताना. प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता ० ते ३ मध्ये लिहायची. बेरीज १० च्या वर गेली तर झोप कुठेतरी गळतेय असं धरतात. आता कोकणात भात-माशाची कढी जेवून दुपारी आडवं झाल्यावर ३ न लिहिणारा माणूस मला अजून भेटायचाय, तेव्हा त्या दोन प्रश्नांवर फार जाऊ नका. बोलता बोलता किंवा गाडी थांबलेली असताना डोळा लागत असेल तर मात्र ती साधी वामकुक्षी नाही.

दुसरी यादी धोक्याची, ती बोटांवर मोजता येते. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहिलेला असणं, रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. आठपैकी ३ किंवा ४ असतील तर मध्यम धोका, ५ किंवा जास्त असतील तर तपासणी टाळू नका. गळा शिंप्याच्या टेपने कंठाच्या खाली मोजा, टेप आवळू नका. माझा ४३ भरला. तुम्ही बारीक असाल म्हणून सुटलात असं नाही, खालचा जबडा मागे असलेल्या सडपातळ माणसालाही हे होतं.

एक लक्षण सगळे चुकीच्या खात्यात टाकतात, ते म्हणजे रात्री तीन-चारदा लघवीला मागीलदारी जाणं. मी प्रोस्टेटचं समजून गोळ्या घेत होतो. खरं कारण असं की घसा मिटलेला असताना छाती जोराने ओढते, त्याने हृदयाकडे रक्त जास्त ओढलं जातं, हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालं, आणि ते मूत्र वाढवणारं संप्रेरक सोडतं. मशीन लावल्यावर माझं रात्रीचं उठणं चारवरून एकावर आलं. पन्नाशीनंतर प्रोस्टेट आणि साखरही तपासाच, पण डॉक्टरला घोरण्याबद्दलही सांगा. सकाळी डोकं जड असणं, तोंडाला कोरड, विसराळूपणा, चिडचिड हेही यादीत लिहा.

पायरी तिसरी: कोणाकडे जायचं

आधी नेहमीच्या डॉक्टरकडे. रक्तदाब, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, थायरॉइड मंद असेल तर त्यानेही घोरणं वाढतं. तीन-तीन गोळ्या घेऊन रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर हा प्रश्न तुम्हीच काढा, कारण न उतरणाऱ्या रक्तदाबामागे अ‍ॅप्निया अनेकदा असतो. हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, मधुमेह या सगळ्यांशी त्याचं नातं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा हा आजार पेपरात पहिल्या पानावर आला, त्याआधी आमच्याकडे "घोर म्हणजे गाढ झोप" असंच होतं.

पुढे नाक चोंदतं, टॉन्सिल मोठे आहेत असं असेल तर कान-नाक-घशाचे डॉक्टर, नाहीतर छातीचे डॉक्टर. झोपेची तपासणी प्रत्येक तालुक्याला होत नाही. आमच्याकडची माणसं कोल्हापूरला नाहीतर गोव्यात बांबोळीकडे जातात, वरच्या अंगाची मुंबई-पुण्याला. फोन करून दोनच गोष्टी विचारा: तपासणी रात्रभर दवाखान्यात होते की घरी यंत्र देतात, आणि रिपोर्ट डॉक्टर स्वतः वाचून देतात की नुसता मशीनचा कागद मिळतो. दुसऱ्या प्रश्नाला "मशीनचाच येतो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

पायरी चौथी: तपासणीची रात्र

दवाखान्यातल्या तपासणीत डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला आणि पायांना तारा चिकटवतात, नाकाखाली नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. आरशात बघाल तर सत्यनारायणाच्या कलशासारखे सजलेले दिसाल. केसांना तेल लावून जाऊ नका, तारा चिकटत नाहीत. दाढी असेल तर आधी विचारा. नेहमीच्या गोळ्या घ्या, दुपारी झोपू नका, संध्याकाळी चहा-कॉफी नको. "मला झोपच लागली नाही" असं सकाळी जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो, तरी पुरेशी नोंद बहुतेकदा मिळालेली असते. आजार जोरात असेल तर काही ठिकाणी अर्धी रात्र तपासणी करून उरलेली रात्र मास्क लावून दाब ठरवतात, म्हणजे दुसरी फेरी वाचते.

घरी देतात त्या यंत्रात डोक्याच्या तारा नसतात, खर्च कमी पडतो. पण तुम्ही झोपलात की जागेच आहात हे त्याला कळत नाही. जागेपणाचे तासही हिशेबात धरले जातात आणि आजार आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. लक्षणं जोरात आणि घरचा रिपोर्ट सौम्य असं झालं तर दवाखान्यातली तपासणी मागा.

पायरी पाचवी: रिपोर्टमध्ये काय बघायचं

पानं पुष्कळ, कामाचे आकडे दोन. पहिला एएचआय, तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा बराच उथळ झाला. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. दुसरा, ऑक्सिजन किती खाली गेला. निरोगी माणसाचा ९५ च्या आसपास राहतो. माझे आकडे होते ४२ आणि ७१. कोविडमध्ये आपण ९२ ला हॉस्पिटल शोधत पळत होतो, ते आठवा. उताणं झोपल्यावरचा आणि कुशीवरचा एएचआय वेगळा दिलेला असेल तर तोही बघा, पुढच्या पायरीला उपयोगी पडतो.

पायरी सहावी: मशीनच्या आधी, आणि मशीनबरोबरही

वजन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये चार वर्षं केलेली एक पाहणी २००० साली छापून आली. वजन १० टक्के वाढलं त्यांचा एएचआय सुमारे ३२ टक्के वाढला, १० टक्के उतरलं त्यांचा सुमारे २६ टक्के उतरला. म्हणजे ८५ किलोच्या माणसाने साडेआठ किलो उतरवले तर चौथा हिस्सा आजार कमी. मी मासे सोडले नाहीत, रात्रीचा भात निम्मा केला आणि जेवण साडेआठच्या आत आणलं. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ माणसांच्या मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. भारतात ते २०२५ मध्ये आलं, पण ते डॉक्टरच्या देखरेखीनेच, शेजाऱ्याने घेतलं म्हणून नव्हे.

दारू. माडी असो, हुर्राक असो नाहीतर बाटलीतली, घशाचे स्नायू तिने जास्त सैल पडतात. झोपेच्या आधी तीन-चार तास नकोच. झोपेच्या गोळ्यांचंही तेच, आणि त्या तर डॉक्टरला अ‍ॅप्निया सांगितल्याशिवाय घेऊच नका.

कूस. वामकुक्षी या शब्दातच डावी कूस आहे, आपण तेवढं विसरून उताणे पसरतो. कुशीवर आकडा बराच कमी असेल तर बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घाला. दोन आठवडे वैताग येतो, मग अंग आपोआप वळतं.

नाकाला लावायच्या चुंबकाच्या रिंगा, हनुवटीचे पट्टे, ओठांना चिकटपट्टी, यांवर पैसे घालवू नका. चोंदलेल्या नाकाच्या माणसाने तोंडाला पट्टी लावणं तर वेडेपणा आहे. शंखाचं मात्र मला कौतुक वाटलं. जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर सहा महिने केलेला प्रयोग २०२५ मध्ये छापून आला. आठवड्यातून पाच दिवस पंधरा मिनिटं शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली, तासाला चार-पाच अ‍ॅप्निया कमी झाले. प्रयोग लहान आहे. आणि ४२ मधून पाच गेले तर ३७ उरतात, हे हिशेबाने बघा. देव्हाऱ्यात शंख असेल तर जरूर फुंका, मशीन विकून टाकू नका.

सौम्य-मध्यम आजारात दातांवर बसवायचं, खालचा जबडा पुढे धरणारं साधन मिळतं. ते तुमच्या दातांचं माप घेऊन दंतवैद्याकडूनच करून घ्या. ऑपरेशनबद्दल माझं मत डॉक्टरांकडून ऐकलेलंच आहे: नाकाचा वाकडा पडदा सरळ केल्याने मास्क सोसायला मदत होते, एकट्या त्याने अ‍ॅप्निया सहसा जात नाही. मोठाले टॉन्सिल असतील तर गोष्ट वेगळी.

पायरी सातवी: सीपॅप मशीन

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरने १९८० मध्ये हे पहिल्यांदा वापरलं. तत्त्व पुन्हा पाइपचंच. चपट्या डिलिव्हरी पाइपमध्ये पाणी सोडलं की तो फुगून गोल होतो. मशीन मास्कमधून हवेचा हलका दाब देतं आणि घसा आतून उघडा राहतो. दाब ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो. माझा १० आहे, म्हणजे भरलेल्या पेल्याच्या तळाला असतो तेवढा. ऑक्सिजनचा सिलिंडर आणि हे यांचा काही संबंध नाही, मशीन खोलीतलीच हवा ओढतं.

किंमत पाच आकडी आहे, म्हणून आधी महिनाभर भाड्याने घ्या. पैसे मशीनच्या दिसण्यापेक्षा मास्कवर लावा. मला पहिल्या दुकानदाराने मोजमाप न करता मोठा मास्क गळ्यात मारला. हवा डोळ्यांत शिरायची, मी पट्टे आवळत गेलो, नाकावर फोड आली आणि मशीन पंधरा दिवस माळ्यावर. दुकान माझंही आहे, माप न घेता वॉशर विकला तर गिऱ्हाईक परत येतं हे मला कळायला हवं होतं. मास्क आडवं झोपून, मशीन चालू ठेवून बसवून बघायचा. पट्टा एवढाच आवळायचा की खाली बोट सरकेल. नाकाने श्वास घेणाऱ्याला नाकापुरता मास्क पुरतो, तोंड उघडं राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा.

पहिले चार दिवस रात्रीचं विसरा. संध्याकाळी खुर्चीत बसून बातम्या बघताना अर्धा तास लावा. मग दुपारच्या झोपेला. मग रात्री. दाब हळूहळू वाढवण्याची सोय मशीनमध्ये असते, ती चालू करा. रात्री लाइट गेली तर गुदमरू का, हे सगळे विचारतात. मास्कला हवा बाहेर जायची भोकं असतात आणि तोंड झाकणाऱ्या मास्कला झडप असते, तुम्हाला जाग येते आणि तुम्ही तो काढता.

रोज निदान चार तास, दहातल्या सात रात्री, एवढा वापर किमान धरतात. खरं तर झोप तितके तास लावायचं. मशीन रोजचा एएचआय नोंदवतं, तो ५ च्या खाली आला पाहिजे. महिन्याने ती नोंद घेऊन डॉक्टरकडे जा. आकडा उतरला नसेल तर दाब किंवा मास्क बदलावा लागतो.

आता आपल्या हवेचं. मास्कची उशी रोज सौम्य साबणाने धुवायची, नळी आठवड्याला. पावसात नळी सावलीत वाळत नाही, पंख्याखाली टांगा, नाहीतर बुरशी धरते. फिल्टर कंपनी सांगते त्यापेक्षा लवकर काळा पडतो, विशेषतः चूल पेटत असेल त्या घरात. हवा दमट करणाऱ्या भांड्यात डिस्टिल्ड पाणीच घाला, विहिरीचं नको. जून ते सप्टेंबर आमच्याकडे मी ते भांडं काढूनच ठेवतो, हवेत पाणी काय कमी असतं? मशीन उशीच्या पातळीच्या खाली ठेवा, म्हणजे नळीत साचलेलं पाणी नाकात न येता मागे जाईल.

लाइट जाणं धरूनच चाला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमच्याकडची वीज गेली, तेव्हा दुकानातल्या इन्व्हर्टरवर दोन रात्री काढल्या. भांडं आणि नळी तापवणं बंद ठेवलं की मशीन फार कमी वीज खातं. तिसऱ्या रात्री बॅटरी बसली, तेव्हा आरामखुर्चीत डोकं वर करून, कुशीला टेकून झोपलो. त्याने भागत नाही, पण उताणं झोपण्यापेक्षा बरं. वळवाच्या विजा सुरू झाल्या की भिंतीतला प्लग काढा.

सुटे मुद्दे

मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, झोपेत घामाने भिजत असेल, वर्गात चंचल असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलांत कारण बहुधा टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी असतात, त्या काढल्याने बहुतेकांना चांगला फरक पडतो.

बायकांत पाळी गेल्यावर प्रमाण वाढतं, पण त्या मोठ्याने घोरतीलच असं नाही. झोप न लागणं, थकवा, सकाळची डोकेदुखी एवढंच असतं आणि ते "वयाचं" म्हणून सोडून दिलं जातं. माझ्या काकीलाही निघालं.

कोणतंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरला अ‍ॅप्निया आहे हे आधी सांगा आणि मशीन बरोबर न्या.

उपचार नीट बसेपर्यंत रात्री गाडी चालवू नका. चतुर्थीला रात्री मुंबईहून निघून पहाटे परशुराम घाट ओलांडायचा ही सवय आपल्याला आहे. कोकणकन्येचं तिकीट नसेल तर दुसऱ्याला चालवू द्या. रेल्वेत बर्थजवळचं सॉकेट मोबाइलपुरतं समजा, मशीनसाठी स्वतःची छोटी बॅटरी ठेवा.

आणि गावच्या घरी पोचलात की पडवीतला प्लग आधी अडवा. गणपतीवरच्या माटवीच्या लाइटिंगला आणि मशीनला एकच एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका. रात्री कोणीतरी रोषणाई बंद करायला म्हणून बटण दाबतं.